गुरुवारची सुट्टी आणि वीस तारीख

माझा महिना पाच तारखांवर उभा असतो. ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे देणी देतानाच कापून ठेवलेल्या कराचा भरणा, ११ तारखेला विक्रीचे विवरणपत्र म्हणजे जीएसटीआर-१, १४ तारखेला पोर्टलवर तयार होणारे २बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आमच्या खरेदीच्या बिलांची यादी, १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे पैसे, आणि या सगळ्यांच्या शेवटी २० तारखेला ३बी हे महिन्याच्या कराचे विवरणपत्र भरून सरकारचा कर चुकता करणे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याच्या लेखा विभागात मी नोकरी करते आणि या तारखा सांभाळणे हे माझे काम आहे. कोणाच्या लग्नाला जायचे, मैत्रिणींनी ठरवलेल्या सहलीला हो म्हणायचे की नाही, गावी किती दिवस राहायचे, या सर्व प्रश्नांची उत्तरे मी आधी या पाच तारखांना विचारते आणि मगच माणसांना देते.

नोकरी करणाऱ्या तरुण मुलींविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा दोनच प्रकारच्या बायका भेटतात. एक तर उंच इमारतीत काचेच्या भिंतीमागे बसून मोठे निर्णय घेणाऱ्या, नाहीतर घर आणि नोकरी यांच्या ओढाताणीत पार पिचून गेलेल्या. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकून, तालुक्याच्या गावातून पुण्यात आलेल्या आणि पंचवीस-तीस हजारांच्या आसपास पगार असलेल्या माझ्यासारख्या मुली त्यात फारशा दिसत नाहीत. आमच्या आयुष्यातले चढ फार उंच नसतात आणि उतारही फार खोल नसतात, पण ते रोजचे असतात. आणि इतक्या काळानंतर माझी खात्री झाली आहे की त्यातले बहुतेक सगळे, माझ्या वेळेवर हक्क कोणाचा, या एकाच प्रश्नातून निघतात.

आधी कामाविषयी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. वस्तू व सेवा कर म्हणजेच जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे जुन्या व्हॅटच्या काळातल्या हिशेबनिसांना जो त्रास झाला तो मला झाला नाही. मला आयतीच नवी पद्धत मिळाली. या पद्धतीत एक मजेशीर अवलंबित्व आहे. आम्हाला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या विवरणपत्रात आमचे बिल दाखवले नाही, तर ते आमच्या २बीमध्ये उतरत नाही, आणि जे तिथे उतरत नाही त्यावरच्या कराचे क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून वजावट, आम्हाला घेता येत नाही. म्हणजे बिलाचे पैसे आम्ही दिलेले असतात, माल वापरून संपलेला असतो, आणि केवळ समोरच्याने चालढकल केली म्हणून तेवढी रक्कम त्या महिन्यात आम्हाला पुन्हा रोखीने भरावी लागते. म्हणून ११ तारखेच्या दोन-तीन दिवस आधीपासून मी फोन घेऊन बसते. व्यापारी म्हणतो, “ताई, ते सगळं आमचे सीए बघतात.” सीएच्या कार्यालयातला मुलगा म्हणतो, “मॅडम, पार्टीने बिलंच पाठवली नाहीत.” दोघेही खरे बोलत असतात, आणि त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या फटीत आमच्या कारखान्याचे पैसे अडकलेले असतात. नट-बोल्ट पुरवणारे एक वयस्कर काका मात्र स्वतः विवरणपत्र भरायला शिकले आहेत. रात्री उशिरा ते मला बिलाचा फोटो पाठवतात आणि “बाळ, हा नंबर बरोबर पडलाय का बघ” असे विचारतात. कार्यालयीन वेळेनंतर आलेल्या सगळ्या संदेशांचा मला राग येतो, त्यांच्या संदेशाचा येत नाही.

२० तारखेचा दिवस वेगळाच असतो. देशभरातले हिशेबनीस त्याच दिवशी त्याच दारात गर्दी करतात आणि पोर्टल संथ होते. रक्कम जुळलेली असते, चलन भरलेले असते, सर्व तयार असते, फक्त मालकांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मिळायचा बाकी असतो. आणि नेमके तेव्हा मालक चाकणला ग्राहकाच्या कारखान्यात असतात, जिथे मोबाइल फाटकावरच ठेवून घेतात. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. आकडा मोठा नाही, परंतु तो आकडा माझ्या नावाने उच्चारला जातो. शेवटी ओटीपी येतो, पडद्यावर पोचक्रमांक उमटतो आणि मी खुर्चीत मागे रेलते. या क्षणी मला खरोखर आनंद होतो, आणि तो आनंद मी कोणाला समजावून सांगू शकत नाही, कारण वेळेवर भरलेल्या विवरणपत्राबद्दल आजवर कोणी कोणाचे अभिनंदन केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तारखांच्या जोडीला वाराचाही प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागातल्या अनेक कारखान्यांप्रमाणे आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची ही जुनी व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळे माझा रविवार हा कामाचा दिवस झाला आहे. रविवारी सकाळी मी खांद्याला डब्याची पिशवी लावून मेट्रोत चढते तेव्हा डब्यात मुलांना मेट्रो दाखवायला निघालेली कुटुंबे असतात, आजोबा खिडकीतून मुठा नदी दाखवत असतात, आणि मी मनातल्या मनात शनिवारी राहिलेल्या एन्ट्री मोजत असते. सुरुवातीच्या काळात या सुट्टीने मला फार एकटे पाडले. मैत्रिणींचे सगळे बेत शनिवार-रविवारचे असत, चुलतभावंडांचे वाढदिवस रविवारी ढकलले जात, आणि त्या सगळ्यांचे फोटो मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पाहत असे.

पुढे हीच सुट्टी मला आवडू लागली. गुरुवारी बँक उघडी असते, टपाल कार्यालय उघडे असते, दवाखान्यात रांग कमी असते, आणि ज्या कामांसाठी इतरांना अर्धी रजा टाकावी लागते ती कामे मी निवांत उरकते. मुख्य म्हणजे त्या दिवशी घरात कोणी नसते. आम्ही तिघी कोथरूडमध्ये एका भाड्याच्या घरात राहतो. एक हिंजवडीला संगणक कंपनीत आहे, तिला शनिवार-रविवार सुट्टी असते. दुसरी रुग्णालयात परिचारिका आहे, तिची सुट्टी दर आठवड्याला बदलते आणि पाळ्याही बदलतात. तिघींना एकत्र मोकळा दिवस मिळाल्याचे प्रसंग इतके थोडे आहेत की ते सगळे आम्हाला आठवतात. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर कोण कधी घरी आहे, कोण रात्रपाळीवरून येऊन झोपलेली आहे, गॅसचा नंबर कधी लावला, दूधवाल्याचे किती झाले, हे सारे लिहिलेले असते. आमच्या घरात गप्पांपेक्षा त्या कागदावरचा पत्रव्यवहारच जास्त चालतो.

एक अडचण मात्र झाली. मला गुरुवारी मोकळीक असते हे एकदा सगळ्यांना कळल्यावर सगळ्यांची कामे माझ्याकडे येऊ लागली. “तुझी सुट्टीच आहे ना, जरा कुरिअर घेऊन ठेव”, “नळाचा माणूस येणार आहे, थांबशील का”, “माझं पासबुक भरून आण ना.” यातले प्रत्येक काम लहान होते आणि नाही म्हणण्यासारखे एकही नव्हते, त्यामुळेच सगळी मिळून ती माझा दिवस खाऊन टाकत. मी शेवटी त्या फ्रिजवरच्या कागदावर लिहून टाकले की गुरुवारी दुपारी एकपर्यंत कोणाचेही काम करीन, त्यानंतर मी घरात नाही असे समजावे. हिंजवडीवाली दोन दिवस घुम्यासारखी वागली. परिचारिका मैत्रिणीने मात्र त्याच्याखाली “रात्रपाळीनंतर मीही नाही” अशी ओळ जोडली, आणि तिथून तो नियम घराचा झाला.

घर मिळवण्याचा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. घरमालकीण काकूंनी आम्हाला पहिल्या भेटीत जितके प्रश्न विचारले तितके मला नोकरीच्या मुलाखतीतही विचारले गेले नव्हते. मूळ गाव कोणते, वडील काय करतात, मटण-मासे करणार का, रात्री किती वाजेपर्यंत येणार, भाऊ म्हणून जो येईल तो खरोखर भाऊ आहे का. करार नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा आणि पोलीस पडताळणीसह होता. आमच्या वरच्या मजल्यावर तीन तरुण मुलगे राहतात, त्यांच्या करारात रात्री दहाची अट नाही हे आम्हाला नंतर त्यांच्याकडूनच कळले. तरी काकूंविषयी माझे मत वाईट नाही. परिचारिका मैत्रीण पहाटे रात्रपाळीवरून परतते तेव्हा जिन्यातला दिवा लावून ठेवणाऱ्या त्याच आहेत. फक्त काळजी आणि पाळत यांच्यामधली रेघ त्यांच्या लेखी फार पुसट आहे, आणि भाडे वेळेवर देणाऱ्या प्रौढ माणसांना ती रेघ ठळक हवी असते. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी या बाबतीत अधिक शहाण्या आहेत. त्या काहीही विचारत नाहीत, आणि आमच्या चेहऱ्याकडे पाहून एखादी पोळी जास्त करतात.

घरापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास हा माझ्या आयुष्यातला सरळसरळ सुधारलेला भाग आहे. पूर्वी पीएमपीच्या दोन बस बदलत, उभ्याने आणि धक्के खात मी भोसरी गाठत असे. पुण्यात मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली तेव्हा ती माझ्या काही उपयोगाची नव्हती, कारण वनाजकडची मार्गिका आणि पिंपरीकडची मार्गिका यांची गाठच पडत नव्हती. ती १ ऑगस्ट २०२३ रोजी जिल्हा न्यायालय स्थानकात पडली आणि माझी सकाळ बदलली. आता मी आनंदनगरला चढते, उंचावरून जाणाऱ्या गाडीतून डेक्कन आणि महापालिका मागे टाकते, जिल्हा न्यायालयाला उतरून एकामागून एक सरकते जिने घेत जमिनीखाली जवळजवळ ३३ मीटर खोल जाते, आणि दुसऱ्या गाडीने खडकी, दापोडी, कासारवाडी करत नाशिक फाट्याला बाहेर पडते. तिथून पुढे शेअर रिक्षा आहे, आणि त्या रिक्षात मात्र अजूनही तीन माणसांच्या जागेत पाच माणसे बसतात. तरीही बसमध्ये गर्दीचा फायदा घेणाऱ्या हातांवर लक्ष ठेवण्यात माझी जी शक्ती रोज खर्च होत असे ती आता वाचते. वाचलेल्या शक्तीतून मी काही थोर केले असे नाही. सकाळी बसायला जागा मिळाली की मी झोपते.

आता पगाराविषयी, ज्याविषयी आपल्याकडे बायका एकमेकींशीही मोकळेपणाने बोलत नाहीत. कारखान्याचे पगारपत्रक मीच तयार करते. हजेरीपट माझ्याकडे येतो, जादा कामाचे तास माझ्याकडे येतात, आणि प्रत्येकाच्या हातात किती पडणार हे त्याच्या बायकोआधी मला कळते. त्यामुळे माझ्यानंतर लागलेल्या, माझ्याच इतक्या शिकलेल्या आणि खरेदीच्या एन्ट्री करणाऱ्या एका सहकाऱ्याचा पगार २८,५०० रुपये आहे आणि माझा २४,००० रुपये आहे, ही गोष्ट मला कोणी सांगावी लागली नाही. दर महिन्याला ती मी माझ्याच हाताने टंकत होते. समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान मोबदला द्यावा असा कायदा या देशात १९७६ साली झाला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण कायदा माहीत असणे आणि मालकांच्या टेबलासमोर उभे राहणे यात अंतर असते. माझी अडचण आणखी वेगळी होती. जो आकडा मला विश्वासाने हाताळायला दिलेला आहे, तोच आकडा मी माझ्या बाजूने वापरला तर उद्या माझ्या हातात हे काम राहील का, आणि राहावे का, या विचारात बरेच दिवस गेले. रात्री झोपेत सुद्धा मी ते दोन आकडे एकाखाली एक मांडत असे.

अखेरीस मी त्याचे नावही घेतले नाही. मी माझ्या कामांची यादी करून नेली: विवरणपत्रे कोण भरते, विलंब शुल्क किती काळ लागलेले नाही, पुरवठादारांकडे अडकलेले किती क्रेडिट पाठपुरावा करून सोडवले, वैधानिक लेखापरीक्षणाच्या वेळी कागद कोण काढून देते. मालकांनी यादी वाचली आणि ती योग्य असल्याचे मान्यही केले. मग ते म्हणाले, “अगं, पण तुला काय गरज आहे एवढ्याची? त्याचं लग्न झालंय, पदरी लेकरू आहे. तुझ्यावर घरची जबाबदारी थोडीच आहे.” ते वाक्य त्यांनी दुष्टपणे म्हटले नव्हते, उलट ते बोलताना त्यांचा स्वर बराच प्रेमळ होता, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण होते. माझ्या धाकट्या भावाच्या अभियांत्रिकीच्या शुल्काचा अर्धा भार माझ्या पगारातून जातो, हे मी त्यांना सांगितले. सांगितल्यावर लगेच मला चुटपुट लागली, कारण तो मुद्दाच नव्हता. भावाचे शुल्क नसते तरी काम तेवढेच होते. मग तेही सांगितले. मालक थोडा वेळ गप्प बसले आणि “एप्रिलपासून बघू” म्हणाले.

एप्रिलमध्ये माझा पगार २६,५०० झाला. सहकाऱ्यापेक्षा तो अजूनही २,००० रुपयांनी कमी होता, त्यामुळे हा विजय होता की तडजोड, हे मला ठरवता आले नाही. एक गंमत मात्र झाली. महाराष्ट्रात व्यवसाय कराच्या बाबतीत स्त्रियांना सवलत आहे: १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर लागत नाही, पुरुषांना मात्र १०,००० रुपयांच्या वर गेले की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे २,५०० रुपये द्यावे लागतात. आमच्या पगारपत्रकात त्या रकान्यात पुरुषांपुढे २०० आणि सगळ्या बायकांपुढे शून्य असे. तपासणी विभागातल्या, पॅकिंगमधल्या, झाडलोट करणाऱ्या, सगळ्या शून्य. वाढीव पगाराची पहिली यादी करताना माझ्या नावापुढे २०० उमटले, आणि कर कापला गेल्याबद्दल मी एकटीच हसत बसले. नंतर मात्र त्या रकान्यातल्या बाकीच्या शून्यांकडे माझे लक्ष गेले. ती सवलत चांगलीच आहे, तिला माझा विरोध नाही. परंतु सवलतीच्या त्या मर्यादेपलीकडे आमच्या कारखान्यातली एकच बाई जाऊ शकते, हे त्या सवलतीपेक्षा जास्त काही सांगते.

कारखान्यात बायका थोड्या असल्यामुळे मला न मागता एक पदही मिळालेले आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती लागते आणि तिचे निदान निम्मे सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. आमच्याकडे निवडीला वावच नव्हता, त्यामुळे पॅकिंगच्या ज्येष्ठ ताई अध्यक्ष झाल्या आणि मी सदस्य झाले. सुरुवातीला समिती म्हणजे फलकावर लावलेला एक कागद होता. पॅकिंगच्या ताईंनी तपासणी विभागातल्या मुलींना जेवणाच्या सुट्टीत बसवून, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, हे त्यांच्या भाषेत समजावले तेव्हा समितीला जीव आला. त्या बैठकीतून पहिली मागणी पुढे आली ती छळाची नव्हती, बायकांचे स्वच्छतागृह भट्टीच्या शेडमागून मुख्य इमारतीत आणावे अशी होती. समितीच्या कामकाजात ती कुठे बसते हे मला माहीत नाही, पण मी ती मागणी टंकून दिली. बांधकाम झाले आहे. दिवा आणि कडी दोन्ही आहेत. पाळीच्या दिवसांत, आणि ते दिवस २० तारखेला आले तर विशेषच, मी त्या कडीला मनोमन नमस्कार करते.

माझे गाव कराडजवळ आहे, कृष्णेकाठच्या उसाच्या पट्ट्यात. स्वारगेटहून एसटी पकडायची, कात्रजचा बोगदा ओलांडायचा, खंबाटकीचा घाट चढायचा, आणि सातारा मागे पडला की फोन करून आईला सांगायचे की भाकरी टाक. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि त्यावर पुरुष प्रवाशांनी केलेले विनोद मी पुरेसे ऐकले आहेत. मला त्याचा झालेला फायदा वेगळ्याच दिशेने आला. माझ्या जाण्याचा खर्च वाचला ही गोष्ट किरकोळ आहे. आई येऊ लागली ही मोठी आहे. जन्मभर बाबांच्या सोबतीशिवाय तालुका न ओलांडलेली माझी आई, “अर्धंच तर तिकीट आहे” अशा सबबीवर एका बुधवारी संध्याकाळी एकटी स्वारगेटला उतरली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तिने माझा रिकामा दिवस पाहिला, फ्रिजवरचा कागद चष्मा लावून वाचला, आणि दुपारी एकनंतर मी खरोखरच काहीही न करता खिडकीशी पुस्तक घेऊन बसले तेव्हा तीही माझ्या शेजारी काही न करता बसली. आईला असे रिकामे बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. अर्ध्या तासाने तिने लसूण सोलायला घेतला हा भाग वेगळा.

त्या भेटीनंतर स्थळांच्या बाबतीत आईची भाषा बदलली. पूर्वी मुलाकडचे रविवारी येणार म्हणून मला कळवले जाई आणि मी रजेसाठी मालकांपुढे उभी राहत असे. पहिल्या एका स्थळाच्या मावशींनी मला “हातात किती पडतो?” असे विचारले, आणि सवयीने मी “भविष्य निर्वाह निधी कापून की धरून?” असा उलट प्रश्न केला, त्यामुळे बाबा खोकू लागले. ते स्थळ फिसकटले, पण पगारामुळे नव्हे. लग्नानंतर भोसरी सोडून घराजवळ काहीतरी बघावे, घराजवळ नाही मिळाले तर थोडे दिवस थांबावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि थोडे दिवस म्हणजे किती याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हते. आता आई फोनवर समोरच्यांना स्वतःहून सांगते, “२० तारखेपर्यंत ती मोकळी नसते, आणि येणारच असाल तर गुरुवार बघा.” यावर काही लोक नाराज होतात. एक मुलगा स्वतः रजा काढून गुरुवारी आला. त्याच्याशी पुढे काही जुळले नाही, ते वेगळ्या कारणांनी. पण मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी मुलाने रजा काढली, ही बातमी आमच्या भावकीत कित्येक दिवस चघळली गेली.

सप्टेंबर हा माझा सर्वांत कठीण महिना. गौरी-गणपती बहुतेक वर्षी त्याच सुमारास येतात, आणि आयकराच्या लेखापरीक्षण अहवालाची मुदतही सहसा ३० सप्टेंबरलाच असते. गौरी दरवर्षी माहेरी येते आणि मी मात्र भोसरीत बसून पडताळणीपत्रके करते, हे आईचे आवडते गाऱ्हाणे आहे. या वेळी मी जूनमध्येच मालकांना सांगितले की एका माणसाच्या भरवशावर हे काम ठेवणे कारखान्यालाही परवडणारे नाही, मी आजारी पडले तर २० तारीख कोण सांभाळणार? आजाराचे उदाहरण त्यांना सणापेक्षा लवकर पटले. मदतनीस घेण्याचे ठरले आणि राजगुरुनगरची एक मुलगी मुलाखतीला आली. माझ्यासारखीच पदवी, माझ्यासारखीच टॅली, आणि आत जाण्याआधी माझ्या टेबलापाशी रेंगाळून तिने हळूच विचारले, “ताई, किती मागू?”

पगारपत्रकातले इतरांचे आकडे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझा स्वतःचा आकडा सांगण्याचा आहे, म्हणून मी तो तिला सांगितला, लागले तेव्हाचाही आणि आजचाही, आणि मधल्या वर्षांत जो मागायला हवा होता तोही. ती आत गेली आणि माझ्या सुरुवातीच्या पगाराहून बराच वरचा आकडा सांगून बसली. मालकांनी त्यातून हजार रुपये कमी केले आणि तिला ठेवून घेतले. बाहेर आल्यावर तिने दुसरा प्रश्न केला तो सुट्टीच्या वाराचा. गुरुवार म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, तेव्हा मी तिला बँकेविषयी आणि दवाखान्याच्या रांगेविषयी सांगितले. बाकीचे तिचे तिला कळेल. ११ तारखेचे विवरणपत्र आता ती भरते, मी फक्त तपासते. गौरीच्या आवाहनाच्या आदल्या दिवसाचे स्वारगेट-कराडचे तिकीट मी काढलेले आहे, आणि मालकांनी सोबत न्यायला दिलेला लॅपटॉप घ्यायचा की नाही, यावर आईशी माझी बोलणी अजून चालू आहेत.